साडूभाऊंचं शांती-संमेलन

जगात शांतता नांदावी म्हणून आमच्या हेडमास्तरांच्या साडूंइतका जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या आटापिट्यानं आजूबाजूच्यांची शांतता इतकी घालवणाराही दुसरा पाहिला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट. गोंडपिपरीकडच्या एका तळ्याकाठच्या गावात मी प्राथमिक शाळेवर होतो. तिथे त्यांना लहानथोर सगळे 'साडूभाऊ' म्हणत. खरं तर ते साडू एकट्या हेडमास्तरांचे. पण चार दिवसांचे पाहुणे म्हणून आले ते गावातच राहिले, आणि हळूहळू ते नातं सगळ्या गावानं वाटून घेतलं. त्यांच्या बायकोच्या तोंडूनही एकदा रागाच्या भरात 'अहो साडूभाऊ' निघून गेलं होतं, असं हेडमास्तर शपथेवर सांगत.

कुठे आवाज चढला की साडूभाऊ चपला शोधायला लागलेच म्हणून समजा. भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध मांडी घालून बसायचं आणि भांडण मिटेस्तोवर अन्नाला शिवायचं नाही, ही त्यांची पद्धत. तळ्यावर मासे धरणाऱ्या एका घरात दोन जावांची जाळं कोणी फाडलं यावरून जुंपली. साडूभाऊ मध्ये जाऊन बसले. सकाळची दुपार झाली, चूल थंडच. शेवटी त्या दोघीच एक झाल्या. थोरली म्हणाली, "भाऊ, उठा बरं आता! नाई भांडत आमी. जेवून घ्या एकदाचे." साडूभाऊ लढाई जिंकल्यासारखे घरी आले. त्यांचा पहिला घास तोंडात जायच्या आत तिकडे जाळ्याचा विषय पुन्हा निघाला होता.

धारेच्या वस्तूचं तर त्यांना वावडंच होतं. घरात विळी निघाली की हे अंगणात. त्यांच्या बाई म्हणायच्या, "कापताना पळून जातेत, अन् वांग्याची भाजी दोनदा मागतेत!" विंचू निघाला तर त्याला चिमट्यात धरून अलगद कुंपणापलीकडे सोडत. कुंपणापलीकडे हेडमास्तरांची न्हाणी होती. "विंचवाले जीव आहे, मले नाई का?" असं हेडमास्तरांनी एकदा कळवळून विचारलं. "तुमी दोघंयनं एकमेकाले समजून घ्या," असं शांत उत्तर मिळालं.

त्या दिवसांत पदयात्रांचं, जमीनदानाचं वारं आमच्याही मुलखात आलं होतं. आपल्या गावात आसपासच्या खेड्यांचं एक शांती-संमेलन भरवायचं असं साडूभाऊंनी घेतलं, आणि आमंत्रणं द्यायला महिनाभर पायपीट केली. बंडीत बसत नसत, का तर "बैलाले काऊन तरास?" असेच ते नदीपलीकडच्या रानातल्या एका गोंड गावात पोचले. तिथल्या म्हाताऱ्या पाटलानं त्यांना सांगितलं, की बांबूच्या ठेकेदाराची माणसं येतात, घरातल्या गड्यांना धरून नेतात, दोन-दोन दिवस राबवतात आणि रिकाम्या हातानं परत पाठवतात. साडूभाऊंनी त्याला शब्द दिला, की संमेलनात सगळ्यांच्या आधी तू बोलशील. नागपूरहून एक वयस्क कार्यकर्त्या बाई येणार होत्या, त्या ऐकतील आणि ठेकेदाराला जाब विचारतील. चारचौघांत बोललं हे ठेकेदाराला कळलं तर काय होईल, हे म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक होतं. तरी तो 'येतो' म्हणाला. परत आल्यावर साडूभाऊ दिवसातून चारदा मला सांगत, "मास्तर, ते आले म्हंजे संमेलन झालं. नाईतर आपण आपल्यालेच शांतता शिकवून राह्यलो."

संमेलनाच्या दिवशी माझ्या छातीवर बिल्ला आणि माझ्याकडे मंडपाचं दार. साडूभाऊंनी बजावलं होतं, "लाठ्याकाठ्या बाहेर ठेवाले लावजा." मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, माणसं लाठ्या घेऊन हिंडत, म्हणून ही सूचना. मी त्या लाठ्या मोठ्या रुबाबात गोळा केल्या. इतक्यात नदीपलीकडची मंडळी आली, म्हातारा पुढे, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर कुऱ्हाड. रानातल्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड म्हणजे आपल्याकडे डोक्यावर टोपी. हे मला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण बिल्ला अंगात भिनला होता ना! मी म्हटलं, "हत्यारं इथं ठेवा. शांती-संमेलन आहे."

म्हातारा म्हणाला, "कुऱ्हाड चोराची काढून घेतेत. आमी चोर आहो का, मास्तर?"

मी म्हणालो, नियम आहे. तो आपल्या माणसांशी गोंडीत दोन शब्द बोलला आणि सगळे आले तसे मागे फिरले.

थोड्या वेळानं साडूभाऊ आलेच. "आले का?" मी झालं ते सांगितलं. माणसाचा चेहरा असा पडलेला मी पुन्हा पाहिला नाही. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "नियम माहा व्हता," आणि अनवाणी धावत सुटले. मीही मागे धावलो. तळ्याच्या बांधाच्या पार टोकाला ती मंडळी गाठली. धापा टाकत हात जोडून साडूभाऊ म्हणाले, "चूक झाली. चाला."

"आता नाई येत," म्हातारा म्हणाला.

"मंग तुही कुऱ्हाड मले दे. मी घेऊन चालतो."

म्हाताऱ्यानं काय विचार केला कोण जाणे, दिली. साडूभाऊंनी ती खांद्यावर ठेवली, ती नेमकं पातं स्वतःच्या मानेकडे करून. म्हाताऱ्यानं हात लांबवून ती नीट फिरवली. "अशी धर. मान कापून घेशीन." एकजण खुदकन हसला, मग सगळेच हसले, आणि सगळ्यांत जास्त साडूभाऊ.

खांद्यावर कुऱ्हाड घेतलेले साडूभाऊ त्या मंडळींसह मंडपात शिरले तेव्हा वाढायला आलेल्या त्यांच्या बाई हातातला डाव तसाच धरून उभ्या राहिल्या. साडूभाऊ मंचावर गेले आणि म्हणाले, "ह्यायले दारात मी अडवलं. चूक माही आहे. आता आधी हे बोलतीन." म्हातारा जेमतेम पाच मिनिटं बोलला, पण नावं घेऊन बोलला. नागपूरच्या बाईंनी परतीचा बेत मोडला. दुसऱ्या दिवशी त्या त्याच लोकांबरोबर नदीपार गेल्या आणि ठेकेदाराच्या मुक्कामावर आठ दिवस ठाण मांडून बसल्या. त्या गावची बेगार त्याच हंगामात थांबली.

साडूभाऊंनी मात्र तीन दिवस अन्न घेतलं नाही. त्यांच्या बायकोनं हात जोडले, हेडमास्तर ओरडले. "पाव्हणा दारातून परतला ना," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांनी लाठ्याकाठ्या म्हटलं होतं. कुऱ्हाडीपर्यंत तो नियम मी ताणला होता, माझ्या मनानं. पन्नास पावलांवर ते उभे होते, विचारून यायला काही मिनिटंही लागली नसती. मंडपात ते 'मी अडवलं' म्हणाले, तेव्हा मी दारातच होतो. तेव्हा मी हात वर करायला हवा होता. ते तीन दिवस उपाशी होते, तेव्हा मी दोन्ही वेळ जेवत होतो. माझी बदली झाली, ते मला वेशीपर्यंत पोचवायला आले, "येत जाजा, मास्तर," म्हणाले, आणि तेव्हाही मी बोललो नाही. आता साडूभाऊ नाहीत, आणि मी ज्याला त्याला सांगत सुटतो, की अडवलं होतं ते मी.