आठ जण मिळाले तर फारसी

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आठवणी लिहायच्या तर माणूस म्हातारा तरी असावा, नाहीतर मोठा तरी. मी दोन्ही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, त्यामुळं कॉलेजातलं काय सांगण्यासारखं असतं आणि काय सगळ्यांच्याच बाबतीत होतं, हे मला नीट कळत नाही. हेही सगळ्यांच्या बाबतीत होत असेल, तर वाचणाऱ्यांनी सोडून द्यावं. पण गेल्या उन्हाळ्यात मी एका विषयासाठी जेवढा पळालो, तेवढा कधी सुटलेल्या मेंढरामागंही पळालो नव्हतो. ते दिवस आठवले की अजून मला एका जागी बसवत नाही.

आमची वस्ती पाचोडपासून बरीच आत आहे. वडील मेंढरं राखतात, थोडी शेती आहे. शहरात लिबरल आर्ट्सचं एक छोटं कॉलेज आहे, हे मला बारावीच्या सरांनी सांगितलं. घरी ते नाव घेतल्यावर चुलते म्हणाले, "म्हंजे चित्रं काढायची का?"

"नाय. सगळंच शिकायचं. इतिहास, अर्थशास्त्र, थोडं विज्ञान, नाटक."

"सगळंच? मंग नोकरी कशाची लागंल?"

वडील विडीची राख झाडत म्हणाले, "जाऊ द्या त्याला. सगळं शिकल्यावर कशाची तरी लागंलच की."

कॉलेज इतकं लहान की आठवडाभरात सगळ्यांना सगळ्यांची गावं माहीत झाली. वर्गात बाकं नव्हती. गोल बसायचं आणि शिक्षकही त्याच गोलात. पहिले काही दिवस कुणी शिक्षक आले की मी ताडकन उभा राहायचो. माझ्या शेजारी शहरातल्याच उस्मानपुऱ्याची एक मुलगी बसायची, ती दरवेळी माझा शर्ट ओढून मला खाली बसवायची. "अरे यार, बस ना. झेंडावंदन चालू आहे का?" आमची मैत्री अशी झाली. ती अर्थशास्त्रवाली, बोलण्यात निम्मी हिंदी, आणि मी काहीही बोललो तरी आधी हसून घ्यायची.

पहिल्या वर्षाच्या शेवटी शेवटी ग्रंथालयातल्या आपा एका तासाला आल्या. आपा म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. कॉलेजात त्या जुनी पुस्तकं लावायचं काम करायच्या, आणि सगळं कॉलेज त्यांना आपाच म्हणायचं. त्यांनी आम्हाला प्रत्येकाला घरातला एकेक शब्द सांगायला लावला. कुणी दरवाजा म्हणालं, कुणी बाग, कुणी हंगाम. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "जनावर." सगळे हसले. मी मान खाली घातली. शाळेत मला ह्याच शब्दानं चिडवायचे.

आपा हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर उजवीकडून डावीकडं काहीतरी काढलं. "जान. जान म्हणजे जीव. आणि वर म्हणजे असलेला. ज्याच्यात जीव आहे तो. बेटा, हे सगळे शब्द फारसीतून तुमच्या घरात आलेत. पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले."

मी त्या तीन अक्षरांकडं बघतच राहिलो. आमच्या बोलण्यात एक अख्खी भाषा दडलीय आणि मला तिचं एक अक्षर वाचता येत नाही! तास संपल्यावर मी आपांच्या मागं ग्रंथालयापर्यंत गेलो. दारात उभा राहिलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "शिकायचंय का?"

"व्हय," मी म्हणालो, आणि घाईघाईनं "हो" असं दुरुस्त केलं.

आमच्या कॉलेजात एक पद्धत आहे. एखादा विषय शिकवला जात नसेल आणि तो कुणाला हवा असेल, तर त्यानं शिकवणारं माणूस शोधायचं आणि तीन नमुना तास ठेवायचे. ज्याला वाटेल त्यानं येऊन बसायचं. तिसऱ्या तासाला दिलेला अभ्यास पूर्ण करून निदान आठ जण आले, आणि पुढच्या वर्षी तो विषय घेऊ म्हणाले, तर विषय सुरू होतो. नाहीतर नाही. आपा शिकवायला तयार होत्या. प्रश्न आठ जणांचा होता.

त्याची मला काळजी वाटली नाही. चुलते ग्रामपंचायतीला उभे होते तेव्हा मी त्यांच्यासोबत दारोदार फिरलो होतो. माणसं कशी मिळवायची हे मला येतं, असं मी धरून चाललो. संध्याकाळी वसतिगृहात खोलीखोलीत गेलो. आमच्याकडं प्रचाराला गेल्यावर आधी तब्येत विचारायची, घरच्यांची चौकशी करायची, चहा आला तर घ्यायचा आणि उठता उठता हात जोडून म्हणायचं, लक्ष असू द्या. मी तस्संच केलं. मुलंही छान बोलली. "तू निवांत राहा भाऊ, आपण आहोत ना." वर मी पहिल्या तासाला मिरची भजी ठेवली.

मैत्रिणीनं हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "तू विषय मागतोयस का सरपंचपद?"

"तू येणार ना?"

"नक्को रे बाबा. माझं सांख्यिकीचं ओझं मलाच उचलत नाही. भजी खायला येते."

पहिल्या तासाला बसायला जागा उरली नाही. मुलं खिडकीत बसली, जिन्यावर बसली. आपांनी सगळ्यांना अलिफ आणि बे ही पहिली दोन अक्षरं काढायला लावली, मुलं तेलकट हातांनी कागदावर वाकली, आणि मी मागं उभा राहून मनात मिरवणूक काढत होतो. जाताना आपांनी वर्णमाला गिरवून आणायला सांगितली.

दुसऱ्या तासाला आम्ही तिघं होतो. मी, मराठीच्या वर्गातली एक मुलगी आणि अजिंठ्याकडचा एक लाजरा मुलगा. माझी मैत्रीण दारातून डोकावून गेली. आपांनी तिघांनाही तेवढ्याच मन लावून शिकवलं. तिसऱ्या तासासाठी अभ्यास दिला: आपलं नाव, आपल्या गावाचं नाव आणि "मी इथं शिकतो" हे वाक्य.

मी जेवायलाच गेलो नाही. मैत्रीण ताट घेऊन आली आणि शेजारी बसली.

"त्यांनी शब्द दिला होता," मी म्हणालो.

"तू मतं मागितली, त्यांनी दिली. आमच्याकडं मत दिलं की माणूस घरी जातो."

"मंग काय करू?"

"मला काय विचारतो? मी तर भजीवाली."

मला काही सुचेना, म्हणून मी फक्त गिरवत राहिलो. वही संपली तेव्हा बोटानं गिरवायला लागलो. उन्हाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर धुळीचा थर बसतो. दुपारी तिथं सावली असायची. मी एका स्कूटीच्या सीटवर जीम म्हणजे ज काढला, दुसरीवर नून म्हणजे न. एका मोठ्या काळ्या बुलेटच्या टाकीवर इतकी सुंदर धूळ होती की मी तिच्यावर माझं अख्खं नावच काढलं. पहिल्यांदाच सगळी अक्षरं एकमेकांना नीट जोडली गेली. मी दोन पावलं मागं जाऊन बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए! काय केलं रे हे?"

बुलेट शेवटच्या वर्षातल्या एका धिप्पाड दादाची होती. मुलं गोळा झाली.

"शिवी लिहिली का काय?"

"नाय दादा. माझं नाव हाय."

"माझ्या गाडीवर तुझं नाव?"

सगळे खो खो हसले. माझी मैत्रीणही त्यात होती. मान तिरकी करून दादानं टाकीकडं उजवीकडून डावीकडं बघितलं, मग डावीकडून उजवीकडं.

"कुठून सुरू होतं?"

"इकडून."

"आता हे पूस. आणि माझं लिही."

मी लिहिलं. दादानं मोबाइलवर फोटो काढला. मग स्कूटीवाली पुढं आली, "माझं पण." मग सायकलवाला. धूळ कमी पडायला लागली तेव्हा मैत्रीण ओरडली, "अरे, चारचाकीकडं चला! प्राचार्य सरांची गाडी महिन्याभरात धुतलेली नाही!" आणि सगळी झुंड सरांच्या गाडीकडं धावली. मी एकेकाला सांगत होतो, हा नुक्ता, म्हणजे टिंब, खाली, हा वर, हे अक्षर पुढच्याला हात देत नाही, एकटंच राहतं. कुणी विचारलं, गावाचं नाव कसं लिहायचं? कुणी विचारलं, असाच अर्ज लिहायचे का पूर्वी? मी ज्यांच्या खोलीत हात जोडून गेलो होतो, त्यातले बरेचसे तिथं नव्हते. हे वेगळेच होते, आणि ह्यांना मी काहीच मागितलं नव्हतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला खरंच सांगता येणार नाही. नाश्त्याला ताटावर चटणीनं अक्षरं निघत होती. अजिंठ्याकडचा लाजरा मुलगा नळाजवळ उभा राहून दोघींना उच्चार सांगायचा. मैत्रीण "मला नक्को" म्हणत सगळ्यांच्या चुका काढायची. तिच्या गल्लीतल्या दुकानांच्या उर्दू पाट्या वाचून तिला निम्मी अक्षरं आधीच येत होती, हे तिनं मला वर्षभर सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या तासाला आपांसमोर कागदांचा छोटा गठ्ठा जमला. त्यांनी एकेक कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि प्रत्येक गावाचं नाव मोठ्यानं उच्चारलं. पाचोड म्हणताना त्या माझ्याकडं बघून हसल्या. मग तास बघायला आलेल्या प्राचार्य सरांनी विचारलं, पुढच्या वर्षी कोण कोण बसणार? हात वर झाले. मी मोजले. आठ! मी उभाच राहिलो.

"दादा, तू तर चाललास ना कॉलेज सोडून?" सर बुलेटवाल्याला म्हणाले.

दादानं हळूच हात खाली घेतला. "सर, मन राहील ना माझं इथं."

"मनाला हजेरी लागत नाही."

सात. सर म्हणाले, सुट्टीत शिक्षकांची बैठक आहे, तोपर्यंत कुणी मिळालं तर बघू. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. मी आपांसमोरचे कागद गोळा करायला लागलो. एकदा हात जोडून पाहिलं होतं, पुन्हा जोडायचे नव्हते.

सुट्टीत मी वस्तीवर आलो. तिथं माझ्या फोनला रेंज येत नाही. मी तिला वडिलांचा नंबर देऊन ठेवला होता, कारण ते कामानं सारखे गावात जातात. बैठकीचा दिवस जवळ आला तसं मला अन्न गोड लागेना. कोकरांना पाणी पाजताना मी ओल्या मातीत काठीनं अक्षरं काढायचो आणि आई म्हणायची, "काय उलटं नांगरतोस?"

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार होता. वडील दिवस मावळताना टेम्पोतून उतरले. त्यांनी मेंढा खाली घेतला, हातपाय धुतले, मामा भेटले होते ते सांगितलं, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं ते सांगितलं. तांब्याभर पाणी प्यायले. मग मिशा पुसत म्हणाले, "अरं, सांगायचं राहिलंच. सकाळी फोन आला व्हता."

"कुणाचा?"

"तुझ्या कालेजातल्या पोरीचा. लई धीट हाय. मी म्हणलं, थांब बाई, मेंढा हातात हाय. तर म्हणती, मेंढा धरून ठेवा काका, पण आधी माझं ऐका."

"आबा, काय म्हणली ती?"

"म्हणली, त्याला सांगा, आठवी मी. सांख्यिकी का काय ते गेलं खड्ड्यात, मी नाव दिलंय. अन् तुमच्या सरांनीबी व्हय म्हणलंय. जूनपासून रोज सकाळी त्या आपा का कोण, त्या तुमाला फारशी शिकवणार हायती."