आधी माझी वाटी

ऑपरेशननंतर माझे केस गळू लागले, तेव्हा त्याचं कारण माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंच्या मते मला नजर लागली होती. मोहाडीला दिलेल्या नणंदेच्या मते, चांगलं पोट कापून घेणाऱ्या बाईचं असंच होतं. शेजारीण म्हणाली, पाणी बदललं असेल. मी म्हटलं, लग्न होऊन शहापुरात आले तेव्हापासून हेच पाणी पिते आहे.

ऑपरेशन मी हौसेने केलं नव्हतं. वजन एकशे अठरा किलो होतं. साखर गोळ्यांना दाद देत नव्हती. धानाच्या रोवणीला बांधीत उतरले की मला चिखलातून वर काढायला दोघी लागायच्या. नागपूरच्या डॉक्टरांनी जठराचा लहानसा भाग वेगळा केला आणि त्याला पुढचं आतडं जोडलं. वर्ष भरायच्या आत वजन शहाऐंशीवर आलं आणि साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. हे आकडे मी मुद्दाम सांगते, कारण माझं ऑपरेशन फसलं असं सांगत फिरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी एकानेही मला काट्यावर उभी पाहिलेली नाही.

पण एक गोष्ट खरोखर बिघडली होती. केस तर जातच होते, पायावर सूज येऊ लागली, पाण्याची बादली उचलली की धाप लागायची. रक्त तपासलं तर त्यातलं प्रथिन हद्दीच्या खाली. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर पुन्हा तपासू. तेव्हाही वाढलेलं नसेल तर भरती करून शिरेतून द्यावं लागेल, आणि त्यानेही भागलं नाही तर केलेलं ऑपरेशन उलटं फिरवायचा विचार करावा लागेल. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यासारखं. भरतीची मला भीती नव्हती. या उलटं फिरवण्याची होती.

आहार सांगणाऱ्या बाईंनी दिवसाला साठ ग्राम प्रथिनं सांगितली होती. मी फोनवर त्यांना घरचा स्वयंपाक ऐकवला. अंडी असतात, तुरीचं घट्ट वरण असतं, दही असतं, रविवारी तलावाचे मासे. त्या म्हणाल्या, "घरात काय शिजलं ते नको. तुमच्या ताटात काय आलं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला छोटा काटा ताटाजवळ ठेवला. आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग सासूबाई, मग मी. अंडी माझ्या नावाने आणली जात. उकडायची मी, वाढायची मी, आणि माझी पाळी येईपर्यंत ती संपलेली असत. वरणाचा घट्ट भाग आधीच्या ताटांत गेलेला, मला तळाचं पाणी. भात मात्र भरपूर उरे. तो मऊ, सहज उतरतो, आणि माझं वाटीएवढं जठर त्यानेच भरून जाई. दिवसभराची बेरीज बावीस ग्राम आली. मला उपाशी ठेवावं असं कोणाच्याही मनात नव्हतं. पोट मोठं होतं तोवर उरलंसुरलं चालून गेलं. आता चालत नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मी माझी वाटी आधी काढू लागले आणि बसून आधी जेवू लागले. रोजच्या दिवसांत ते निभलं. नवरा डबा घेऊन वरठीला ड्युटीवर जायचा, त्याला कळायचंही नाही. सासूबाई पुटपुटायच्या, पण घरातल्या घरात.

प्रश्न आला मंडईचा. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव पाळीपाळीने मंडईची जत्रा भरते, आणि ज्या गावची मंडई त्या गावच्या घरोघर पाहुणे. त्या दिवशी नणंद आणि तिचा नवरा आले, शिवाय आठ-दहा माणसं. मटण शिजलं होतं. पुढच्या आठवड्यात माझं रक्त तपासायचं होतं. पंगतीची पानं मांडून झाल्यावर मी माझी वाटी भरली, दाराजवळ पाट घेतला आणि बसले. नवऱ्याला म्हटलं, "अहो, माझं होईपर्यंत तुम्ही वाढा."

तो आयुष्यात पहिल्यांदा वाढत होता. भाताची परात कमरेवर घेऊन तो अशा बेताने चालला की कोणाला डोंगर मिळाला, कोणाला चिमूट. नणंदेचा नवरा माझ्या वाटीकडे बघून म्हणाला, "वहिनी, एवढं त आमची मांजर खाऊन उठते." पंगत हसली. मीही हसले, कारण ते खरं होतं.

सासूबाई हसल्या नाहीत. पाहुण्यांच्या देखत म्हणाल्या, "घरची बाई पाहुन्याच्या पह्यले जेवते काय? पोट कापलं थे कापलं, लाज बी कापून आली?"

घास गिळून झाल्यावर मी बोलले. "लाज नाही कापली, आई. जठर कापलं. त्यात एवढीच जागा आहे. त्यात पह्यले मटन जाईन. भाताले जागा राहिली त राहिली."

नणंद म्हणाली, वहिनी, उठा आता, मी वाढते. मी म्हटलं, वाढा ना, ताई. पण मी उठले नाही. मला घाई करता येत नाही; घाई केली की सगळं उलटून पडतं. पहिली पंगत उठेपर्यंत मी चावत बसले होते.

शेवटच्या पंगतीला सासूबाई आणि नणंद बसल्या, आणि वाढायला मी उभी राहिले. मटणाच्या गंजात पळी फिरवली. रस्सा होता, दोन हाडं होती. तेच वाढलं. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं, आणि भात कालवला. नणंद हळूच म्हणाली, "आमच्याकडे बी असंच उरते."

पुढच्या आठवड्यात नागपूरहून रिपोर्ट आला. प्रथिन हद्दीच्या आत आलं होतं, जेमतेम, पण आत. भरती नाही, उलटं फिरवणं नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. लोहाच्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, त्या मी घेते. केस अजून पहिल्यासारखे नाहीत. बादली एका हाताने उचलते.

सासूबाई आल्यागेल्याला सांगतात की आमची सून सगळ्यांच्या आधी जेवते. खरंच आहे ते. सांगू द्या.