सूपभर नाचणीचा केरबा

हिर्डोशीच्या सावळारामाची बायको रतनबाई. तिची पहिली दोन पोरं बाराव्या दिवसाच्या आतच गेली. तिसरं झालं तेव्हा सुईणीनं ते फडक्यात गुंडाळलं आणि ठरल्याप्रमाणं बाहेर नेऊन उकिरड्याच्या कडेला ठेवलं. शेजारची साळूबाई तिथं आधीच उभी होती. तिचं घर पोरांनी गजबजलेलं, एकालाही कधी काही झालं नाही. तिनं पोर उचललं आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं बया, केरात पोर गावलं! कुनाचं हाय का ह्ये?"

"आमचं न्हाई," आतून रतनबाई म्हणाली.

असंच म्हणायचं असतं. पोरं नेणाऱ्या सटवीनं ऐकावं आणि दार सोडून जावं म्हणून. मग साळूबाईनं सूपभर नाचणी रतनबाईच्या उंबऱ्यात ओतली, पोर विकत घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं केरबा. अंगावर पाजायला म्हणून ते राहिलं रतनबाईच्याच घरी. पण पाचव्या वर्षी जावळ काढीपर्यंत तिनं त्याला 'माजा' म्हणायचं नाही आणि त्यानं तिला आय नाही, काकी म्हणायचं, असा कायदा.

आमच्या डोंगरात हे बऱ्याच घरी करीत. करताना बाया मधेच चुकत, लाडात येऊन 'माज्या सोन्या' म्हणून जात. रतनबाई एकदाही चुकली नाही, एवढी ती भ्यालेली. केरबानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ती भात कांडत होती. मुसळ तसंच हातात धरून बघत राहिली, आणि नवऱ्याला हाक मारून काय सांगितलं, तर "साळूबाईचं पोर चालाया लागलं वो!" भाकरीचा पापुद्रा काढून त्यात साय भरून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "खा रं, साळूबाईच्या."

"खातंय आमचं आन् नाव साळूबाईचं," सावळाराम हसायचा.

केरबा तीन वर्षांचा झाला तेव्हा भिमा जन्मला. त्याला कुणी उकिरड्यावर ठेवलं नाही. बारशाला घुगऱ्या वाटल्या. रतनबाई त्याला मांडीवर घेऊन "माजा वाघ, माजा राजा" करीत बसायची. केरबा दाराच्या चौकटीला पाठ घाशीत ते ऐकायचा.

पाचव्या वर्षी वैशाखात जावळ ठरलं. मामा पासलीहून डोंगर ओलांडून आला. त्याच्या मांडीवर बसवून न्हाव्यानं केरबाचे केस उतरवले. रतनबाईनं कोरं सूप शिगोशीग नाचणीनं भरलं आणि साळूबाईच्या पदरात ओतलं.

"घ्या तुमचं पोर," साळूबाई म्हणाली. "लई खादाड निघालं. म्याच फसले ह्या सौद्यात." माणसं हसली. तिनं केरबाला पुढं ढकललं. "जा रं. ती तुजी आय. आय म्हन तिला."

केरबा हलला नाही. तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवीत म्हणाला, "म्या साळूआयचा. काकीनं मला इकलंय. भिमाला न्हाई इकलं."

"आरं येड्या," मामा म्हणाला, "खोटं खोटं इकलं हुतं ते!"

"खोटं? मंग नाचनी खरी कशी?"

पुन्हा हशा झाला. रतनबाई तेवढी हसली नाही. केरबा साळूबाईचा पदर धरून चालता झाला. त्या रात्री तिच्याच पोरांत घोंगडीत शिरला आणि मग तिथंच जेवायला-निजायला लागला.

सावळाराम तापला. "कान धरून आनतो."

"नगा. ओढून आनलंत तर घरात यील. माज्याकडं न्हाई यायचा."

पावसाळा लागला. रतनबाई खाचरात वाकून भाताचं आवण लावायची आणि पलीकडच्या खाचरात साळूबाईच्या पोरांबरोबर केरबा चिखल तुडवताना दिसायचा. भिमाला मात्र तो रोज न चुकता घेऊन जायचा. पेलायचा नाही, काखेतल्या भिमाचे पाय भुईवरून फरफटायचे. येताजाता रतनबाई म्हणायची, "सांभाळ रं." तो म्हणायचा, "व्हय, काकी."

शेवटी साळूबाईच वैतागली. "रतने, पोर म्या जगवलं, आता बोलू बी म्याच का? खरं काय ते सांग त्याला."

श्रावणात उघडीप बघून रतनबाईनं केरबाला हाताशी घेतलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला नेलं. करवंदीच्या जाळीखाली शेवाळलेले दोन धोंडे होते.

"हितं तुजे दोन भाऊ हायती," ती म्हणाली. "दोगांस्नी म्या 'माजा माजा' केलं. ऱ्हायले न्हाईत. तुला ठिवायचा हुता, म्हनून इकला."

केरबानं धोंड्यावरचं शेवाळ नखानं खरवडलं. "आन् भिमाला?"

"तू जगलास की रं. मंग माजं भ्या गेलं."

"म्हंजी माज्यामुळं?"

"तुज्यामुळंच."

त्यानं दुसऱ्या धोंड्यावरचं शेवाळही खरवडलं. "ह्यांची नावं काय?"

"बारसंच झालं न्हाई. नावं कुठनं आसतील?"

"मंग म्या थोरला का तिसरा?"

"घरात थोरला," ती म्हणाली, "आन् माज्या हिशेबात तिसरा."

परत येताना वाट निसरडी होती. "बेतानं," ती म्हणाली. "व्हय, काकी," तो म्हणाला, आणि वळून साळूबाईच्या घरात गेला. रतनबाई चुलीपाशी जाऊन भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी सगळ्या भाकऱ्या करपल्या आणि सावळारामानं त्या तशाच खाल्ल्या.

भादव्यात भात पोटरीला आलं. रतनबाई अंगणात घेवडा निवडीत होती. केरबा खालच्या बांधावर भिमाला घेऊन राखणीला बसलेला. तेवढ्यात साळूबाईची म्हैस दावं तोडून सुटली ती थेट सावळारामाच्या खाचरात.

"आये! ये आये!" केरबा उभ्यानं ओरडत होता. "म्हस शिरली आपल्या भातात! आये!"

रतनबाईच्या सुपातला घेवडा अंगणभर झाला. ती पळाली, पण म्हशीकडं नाही. तुडवलेल्या भातातून, चिखलातून आडवी गेली आणि बांधावरची दोन्ही पोरं एकदम उचलली. दोघं पेलेनात, तरी सोडीना. मागं सावळाराम काठी घेऊन शिव्या देत धावत होता आणि म्हैस निवांत चरत होती.

केरबा तिच्या खांद्यावर गुद्दे मारीत होता. "आये, सोड की! म्हस बग आदी, म्हस!"