देवपूरच्या प्रार्थनामंदिरातील समई

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा आरंभ : मंदिरात समई लावण्याची परवानगी मागणारे माझे पहिले पत्र. झावळ्यांचा रविवार : मंडळीच्या पंचांचा नकार. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे : माझी अखेरची नोटीस. पुढे जे घडले त्यास जबाबदार इसम तीन. पाळकसाहेब, कारण ते गप्प राहिले. मंडळीचे चिटणीस, कारण ‘समई ही हिंदू चाल आहे’ असे त्यांनी लेखी कळवले. तिसऱ्याचा निर्देश शेवटी करीन.

धुळ्याच्या कोर्टात माझा जन्म लोकांचे अर्ज लिहिण्यात गेला. पेन्शनीत मी मध्ययुगीन ख्रिस्ती भक्तांची दीपस्तोत्रे इंग्रजीवरून ओवीत आणली. पुनरुत्थानाच्या आदल्या संध्याकाळी अंधाऱ्या मंदिरात एकच ज्योत आणावी आणि तिच्यापुढे गावे, ही त्यांची रीत. त्यांच्या लेखी ती ज्योत म्हणजे न बोलावता अंधारात आलेला ख्रिस्त. माझ्या पत्नीची दृष्टी त्या वर्षी झपाट्याने जात होती. पूर्ण जाण्याआधी तिला ती ज्योत पाहायची होती. पंचांनी मात्र ग्यासबत्ती टांगली.

पुनरुत्थानाच्या आदल्या त्या शनिवारी संध्याकाळची उपासना सुरू होताच बत्तीची जाळी गळून पडली आणि मंदिरात अंधार झाला. चिटणीस काडेपेटीसाठी चाचपडू लागले. माझ्या बाकाखाली तेलवात घातलेली समई होती आणि खिशात काडेपेटी. मी चिटणिसांना म्हणालो, “आधी नकाराचा ठराव लेखी मागे घ्या.”

पत्नी हळूच म्हणाली, “अहो, तो ठराव मला वाचता यायचा नाही.”

तरीही मी हललो नाही. तोच दाराशी उजेड आला. पांझरा नदीकडून येणारी, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक अनोळखी बाई उभी होती. “बठ्ठा अंधारामा काबर बशेल शेतस, आबा? ल्या, हाऊ कंदील ल्या. माले रस्ता माहीत शे.” सारे अंधारात का बसलात, एवढेच अहिराणीत विचारून, कंदील उंबऱ्यावर ठेवून ती निघूनही गेली.

पाळकसाहेबांनी कंदिलाची काच उचलून धरली आणि त्या ज्योतीवर मी समई लावली. पत्नीने समईला हात जोडले. पहिली ओवी तिनेच धरली.

कंदील परत करण्यासाठी मी नदीकाठच्या साऱ्या वस्त्या हिंडलो. ती बाई कोणालाच ठाऊक नव्हती. चिटणिसांविरुद्धची तक्रार मी मागे घेतलेली नाही. पण तो प्रकाश माझ्या अर्जाने आला नाही, माझ्या हट्टाने अडलाही नाही, याबद्दल मी प्रभूचा ऋणी आहे.

तिसरा इसम मीच. खिशात काडेपेटी असताना पत्नीला अंधारात का बसवले, याचे उत्तर त्याने येत्या रविवारी भर मंडळीसमोर उभे राहून द्यावे, अशी माझी मागणी आहे.