मारेगाव ते कळंब, तिरपी

“मारकीच होती ते घोडी. मी तं पयलेच म्हणत होतो.”

हात धुवायच्या टाकीपाशी दोन पाहुणे बोलत होते. मी त्यांच्या मागे ताट घेऊन उभी होते. दुसऱ्यानं चूळ भरली आणि म्हणाला, “बँड वाजला अन् बिथरली न बाप्पा. म्हाताऱ्याले पाडलं, डोस्कं फोडलं. ते पोरगी वाचली हेच लय झालं.” ती पोरगी मी. त्यांनी वळून पाहिलं असतं तरी मला ओळखलं नसतं. लोक मला बघतात आणि विसरतात, आणि आजवर मला ते सोयीचंच वाटत आलं होतं. मी ताट तिथंच ठेवलं आणि हात न धुता बाजूला झाले.

दफेदारकाकांच्या पुण्यानुमोदनाचा तो दिवस. दारव्हा रोडवरच्या त्यांच्या शेतात पांढरा मांडव घातला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी काकांचा फोटो ठेवला होता, लष्करी टोपी घातलेला, मिशा टोकदार. वंदना झाली, जेवणं झाली. मांडवात सगळ्यांना एक गोष्ट कळली होती, कारण पुण्याहून आलेल्या काकांच्या मुलानं, मिलिंददादानं, ती सर्वांसमोर सांगितली होती. चार वाजता दिग्रसहून टेम्पो येणार होता आणि मैना, काकांची घोडी, त्यात चढून जाणार होती. “ज्या जनावरानं बाबांना नेलं ते मी आईजवळ ठेवू शकत नाही,” तो म्हणाला होता. मारकी म्हणून गेलेल्या घोडीला पुढे कोण दाणा घालतं, कोण तिच्याजवळ जातं, हे त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. त्या वेळी घड्याळात अडीच वाजले होते. काका गेले त्या दिवशी शेतातल्या घोडीच्या मैदानावर नेमकं काय घडलं, हे जिवंत माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. आणि मी गप्प होते...

काकांचं नाव वामनराव, पण त्यांना त्या नावानं हाक मारणारे फार थोडे. मारेगावकडच्या एका खेड्यातून ते अठराव्या वर्षी सैन्यात गेले आणि सगळी नोकरी घोड्यांच्या पाठीवर आणि घोड्यांच्या पायांशी करून दफेदार म्हणून परत आले. तिथे एका अधिकाऱ्यानं त्यांना ड्रेसाज शिकवलं होतं. काका त्याला ‘देसाज’ म्हणत. यात शर्यत नसते, उडी नसते. एका आखलेल्या चौकोनात घोडा चालवायचा, वळवायचा, थांबवायचा, आणि तोही असा की बघणाऱ्याला स्वाराचा हात किंवा टाच हलताना दिसू नये. यवतमाळात याचं कोणाला काय कौतुक असणार? मैना मुळात वरातीची घोडी. बँड वाजला की जागच्या जागी पाय उचलून नाचायची. एकदा शेजारच्या गावाहून दोघं मोटरसायकलवर आले आणि म्हणाले, “दफेदार, तुमची घोडी लयच भारी नाचते म्हणे. पोराच्या लग्नात आणता का?” काका म्हणाले, “नाच सोडवाले मले दोन वर्सं लागले, अन् तुम्ही त्याचीच सुपारी घेऊन आले का?”

मी त्यांच्याकडे गेले ती घाबरलेलीच गेले. नागपूरला कॉलेजात असताना मी घोड्यावर बसायला शिकले होते. एका उडीच्या वेळी पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड सांधलं, मी यवतमाळला परत आले, घरून काम करू लागले. पण त्यानंतर घोड्याचा नुसता वास आला तरी माझे तळवे ओले व्हायचे. तरीही मला घोड्याजवळ जायचं होतं. हे कोणाला समजावून सांगायचं, आणि कोणत्या भाषेत? माझं शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातलं. घरी शुद्ध मराठी, शाळेत इंग्रजी, आणि गावात बोलतात ती वऱ्हाडी मला कळते पण तोंडातून निघत नाही. बाबा जिल्हा परिषदेत होते आणि काकांना ओळखत होते. त्यांनी मला एका सकाळी तिथं नेऊन सोडलं आणि “मी तासाभरानं येतो” म्हणून निघून गेले. काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “घाबरतं?” मी मान हलवली. “बरं हाय. जे घाबरत नाही ते घोड्याचं आयकत नाही.”

ड्रेसाजच्या चौकोनाच्या कडेला इंग्रजी अक्षरं लावतात, म्हणजे कुठून वळायचं ते कळतं. ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. त्यांचा क्रम असाच विचित्र असतो. काकांना इंग्रजी अक्षरांचा कंटाळा होता. त्यांनी तेलाचे रिकामे पिपे पांढरे रंगवून ठेवले होते आणि त्यांवर गावांची नावं लिहिली होती. आर्णी, कळंब, एकलारा, हिवरा, चिंचोली, मारेगाव, बाभूळगाव, फुलसावंगी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं, आणि नंतर लक्षात आलं की अक्षरं एकही चुकलेली नाहीत. ‘एम’वरून तिरपं ‘के’ला जायचं, हे पुस्तकातलं वाक्य. काका म्हणत, “मारेगाववरून कळंबले जाय, तिरपी. रस्त्यात वळू नको.” चौकोनाच्या बरोबर मध्यभागी एक जागा असते, तिथे खूण नसते. पुस्तकात तिला ‘एक्स’ म्हणतात. काका तिला यवतमाळ म्हणत आणि शिकवताना स्वतः तिथंच उभे राहत. “आर्णीहून आत ये. यवतमाळले थांब. चारही पाय सरळ. मले सलाम कर.” नकाशा काढून पाहिलात तर यातलं काहीच जागेवर नाही. मी एकदा धीर करून तसं म्हटलंही. “घोडीले नकाशा दाखवतं का?” ते म्हणाले, आणि मग त्यांचं ते आवाज न करता हसणं, नुसते खांदे हलायचे.

भीती माझ्या बाबतीत घशात सुरू होते. श्वास तिथेच अडकतो, मग खांदे वर जातात, मग गुडघे आवळले जातात, आणि घोड्याला वाटतं की काहीतरी संकट आलंय. काकांनी हे पहिल्या आठवड्यात ओळखलं. त्यांचा उपाय असा, की प्रत्येक पिप्यापाशी पोहोचलं की त्या गावाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेताना श्वास बाहेर पडतोच, माणसाला तो धरून ठेवता येत नाही. मी ओठ हलवायचे. आवाज निघायचा नाही. मोकळ्या शेतात एकटीनं ‘हिवरा’ म्हणून ओरडायचं, पलीकडे तुरीत बाया निंदत असताना... माझ्याच्यानं होत नसे. “म्हटलं का?” “म्हटलं.” “कायले खोटं बोलतं वो? मनात म्हटलेलं घोडीले आयकू येत नाही.” मग एक दिवस मी फुलसावंगी पुटपुटले. मैनाचा एक कान मागे वळला, माझ्याकडे. काका लगेच म्हणाले, “पाह्य, आयकलं तिनं.” त्या एका कानासाठी मी पुढचं दीड वर्ष रोज सकाळी जात राहिले.

ते शाबासकी देणारे नव्हते. चुकलं की “पुन्हा,” बरोबर आलं तरी “पुन्हा.” शांताकाकू, त्यांच्या पत्नी, तास संपत आला की घरातून चहा घेऊन यायच्या. घर मैदानापासून शंभरएक पावलांवर. त्या मला म्हणायच्या, “सई, त्यायच्या बोलण्याकडं लक्ष नको देऊ. मलेही चाळीस वर्सं पुन्हाच म्हणून राह्यले, पोळी गोल नाही झाली की.” काका गंभीरपणे उत्तर द्यायचे, “अजूनई नाही झाली.” शेवटच्या महिन्यात ते मधूनच थांबायचे आणि डावा खांदा चोळायचे. मी पाहिलं होतं. मी सगळं पाहते, ती माझी सवय. काकूंना सांगावं असं मनात आलं होतं, दोनदा. पण आपण कोण, आपण कशाला बोलायचं, असं वाटून राहिलं.

काका गेले त्या सकाळी एका लग्नाची वरात दारव्हा रोडनं चालली होती. मी मारेगाववरून तिरपी निघाले होते, दुडक्या चालीत, आणि एकदम बँड सुरू झाला. मैनाची पाठ माझ्याखाली बदलली. जुना नाच तिच्या पायांत परत आला, ती जागच्या जागी पाय उचलू लागली. माझा घसा बंद झाला. मला तो जुना आवाज ऐकू आला, हाड मोडतं तेव्हाचा. काका मध्यभागी, त्यांच्या यवतमाळात, उभे होते. “काहून धरून ठेवतं तिले? हात सोड. श्वास सोड.” आवाज अगदी नेहमीचा. मी हात सैल केले. आणि तेवढ्यात त्यांनी छातीवर हात ठेवला, खाली बसावं तसे बसले, आणि तोंडावर पुढे पडले. जमीन उन्हानं टणक झाली होती. कपाळावर खोक पडली ती तेव्हा.

मैना थांबली. तिला थांबायला मी सांगितलं नव्हतं. बँड वाजतच होता आणि ती उभी होती, चारही पाय सरळ, काकांपासून दहा पावलांवर, मान त्यांच्याकडे करून. तिचा नाच बंद झाला होता. आणि मी तिच्या पाठीवर बसून राहिले. उतरायचं होतं. ओरडायचं होतं. शंभर पावलांवर काकू होत्या. नुसतं ‘काकू’ एवढं म्हटलं असतं तर त्या धावत आल्या असत्या. मी लगाम धरून बसून राहिले. किती वेळ, ते मी मिनिटांत सांगू शकत नाही. बँडचं एक गाणं संपलं. मध्ये शांतता झाली, तेव्हा मला माझ्याच दातांचा आवाज येत होता. मग दुसरं गाणं सुरू झालं, आणि ते अर्ध्यावर असताना काकू चहा घेऊन आल्या.

त्यांनी किंकाळी फोडली. त्या आवाजानं मैना बाजूला उसळली, मी घसरून खाली पडले आणि ती रिकामं खोगीर घेऊन फाटकाकडे पळाली. रस्त्यावरचे लोक धावत आले तेव्हा त्यांना हेच दिसलं. मोकाट घोडी, मातीत पडलेली मुलगी आणि कपाळातून रक्त येणारे काका. त्यांनी आपापसांत जे ठरवलं ते चुकीचं होतं, पण त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. बाहेर लोक म्हणाले, घोडीच्या धक्क्यानंच बंद पडलं. कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालं, “तू वाचली बाई.” मी मान हलवली. नंतरचे सगळे दिवस मी तीच मान हलवत राहिले. डॉक्टरांना मी एकदा दबक्या आवाजात विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. हे तीन शब्द घेऊन मी रोज सकाळी उठते. घोडीवरचा आळ काढायचा तर बँडच्या त्या दोन गाण्यांबद्दल बोलावं लागणार होतं, काकूंसमोर. मला त्याचीच भीती होती. घोड्याची आता नव्हती.

चार वाजायला आले तेव्हा टेम्पो मैदानात शिरला. त्याचं चाक लागून एक पिपा आडवा झाला. दोन माणसांनी मैनाला दोरानं धरून आणलं, दोघंही तिच्यापासून जमेल तितके लांब, एकाच्या हातात काठी. तिनं टेम्पोच्या फळीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. “पाह्यलं का, अंगावर येते,” काठीवाला म्हणाला. ती अंगावर आली नव्हती. ती थरथरत होती आणि एक कान सारखा मागे, जिथे काका उभे राहायचे त्या मोकळ्या जागेकडे वळत होता. मांडवातली माणसं येऊन कडेला उभी राहिली. काकू ओट्यावर बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, आणि घोडीकडे बघत नव्हत्या.

मी चालत पुढे गेले. मिलिंददादानं हात आडवा केला. “सई, तू लांब हो. तुलाच लागलं होतं ना?” काठीवाला थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते, टाकीपाशी बोलणारे ते दोघंही. काकूंनी मान वर केली. ओठ हलले आणि आवाज आला नाही. दादा म्हणाला, “काय म्हणतेस?” मी पुन्हा म्हटलं, काकूंकडे बघून, ओट्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“दादा, घोडीनं काही केलं नाही. काका पडले तेव्हा ती उभी होती. मी वर बसलेली होते, आणि काकू येईपर्यंत मी कोणाला हाकसुद्धा मारली नाही.”