घोडेपाणी गल्लीचा पत्ता

इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका त्या दुपारी मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला ठाण्यात आल्या नसत्या, तर एका निरपराध आजोबांवर माझ्या हातून अपहरणाचा गुन्हा दाखल झाला असता. म्हणून आधी त्या बाईंचे आभार.

मी तळकोकणातला. शाळा लवकर सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन घरापासून लांब, इथं छत्रपती संभाजीनगरात निवृत्त झालो.

त्या दिवशी फोन आला, बसस्थानकाजवळ पोरं पळवणारा धरलाय. गाडी पाठवली. म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडी, कडेवर झगमगते बूट घातलेली तीन वर्षांची पोर, आईसाठी रडणारी. तेवढ्यावर लोकांनी निकाल लावला होता. त्याला ठाण्यात आणलं, तर जमावही मागोमाग फाटकाशी आला.

"नात हाय साहेब माझी. लेक छावणीत ऱ्हाती, घोडेपाणी गल्लीत."

बीट अंमलदार म्हणाला, "साहेब, छावणीत असली गल्लीच नाय."

फाटकातून कुणी ओरडलं, "गल्लीबी चोरून आणली का रं, म्हाताऱ्या?"

त्याचा चष्मा गर्दीत फुटलेला, वाट दाखवता येईना. लेकीचा नंबर जवळ नव्हता. वरिष्ठांचं म्हणणं, गुन्हा दाखल करा, जमाव पांगेल. मी त्याला फिरवून फिरवून विचारलं. खोटं बोलणारा दरडावलं की पत्ता बदलतो. हा बदलत नव्हता.

"माझा बाप तिथंच घोंगड्या इकायचा. पलटणीची घोडी त्या हौदावर पाणी प्यायची."

हौद म्हणताच मोबाईलच्या तक्रारीसाठी बाकावर बसलेल्या प्राध्यापिका बाई उठल्या. "मी छावणीच्या जुन्या नकाशांवरच काम करतेय." त्यांनी पिशवीतून इंग्रज अमलातल्या नकाशाची प्रत काढून टेबलावर पसरली. इंग्रजी अक्षरं बघून मी मागं सरलो.

"या इकडं फौजदार, चावत नाही तो."

हौदाचा गोल, शेजारी 'हॉर्स वॉटर लेन'. बाई म्हणाल्या, "गोऱ्या साहेबांनी नावाचं भाषांतर करून टाकलं. नंतरच्या नकाशात हाच हौद रस्ता. आता पाटीवर एका पुढाऱ्याचं नाव आहे." ते नाव त्यांनी सांगताच बीट अंमलदार मोटारसायकलकडं धावला.

त्या रस्त्यावर म्हाताऱ्याची लेक रडत दारोदार पोरीला शोधत होती. ठाण्यात येताच तिनं लेकीला छातीशी धरलं.

"बाबा, उसाचा रस पाजायला एवढ्या लांब जातेत व्हय?"

"तुमच्या गल्लीचं नाव बदललं, मला कुणी सांगितलं का?" आजोबा उलट तिच्यावरच उखडले. फाटकातला जमाव खाली मान घालून पांगला.

माणूस पत्ता सांगतो तो त्याच्या काळातला. तेव्हापासून पाटीवर नाव नाही म्हणून कुणाला खोटं ठरवलं नाही. "पूर्वी काय म्हणायचे?" हा प्रश्न माझ्या चौकशीत कायमचा आला.

बाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यांच्या नकाशात कितीतरी गल्ल्यांची आजची नावं भरायची राहिलीत. मला इंग्रजी धड वाचता येत नाही, पण गस्त घालता येते. बाई, एक दिवस त्या सगळ्या गल्ल्या पायी फिरून, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून, नावं तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. शब्द देतो.