बंद तलावावरचे मिस्त्री

मिस्त्री कुणालाही माफ करत नसत. त्यांच्याबद्दल सांगायची पहिली गोष्ट हीच, आणि ती मी कौतुकानेच सांगते आहे. दारव्ह्याला बाजाराच्या तोंडाशी त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने एकदा भर दुकानात आळ घेतला, की मिस्त्रींनी नवी तार सांगून जुनीच घातली. आळ खोटा निघाला. त्यानंतर अकरा वर्षं मिस्त्री त्या माणसाची मोटार जीव लावून दुरुस्त करत राहिले, पण त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो आला की शेजारच्या चहावाल्याला सांगत, "ह्याले सांग, गुरुवारी मोटार घेऊन जाय." तो माणूस हातभर अंतरावर उभा असायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, अजून किती वर्षं?" तर म्हणाले, "बदल्याले घाई नसते बाई. अन् सुट्टीबी नसते."

मी तलावाकाठच्या तांड्यावर शाळेत शिकवते. माझं माहेरही तांड्यावरचंच, त्यामुळे राग नाकावर असतो असं माझी याडी, म्हणजे आई, म्हणायची. रोज दारव्ह्याहून जीपमध्ये कोंबून जायचं आणि तलावाच्या भिंतीपाशी उतरायचं. तिथे सकाळी सातला हा उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस हातात लांब लवचीक छडी घेऊन उभा दिसायचा. छडीच्या टोकाला पिवळा जाड दोर. तो दोर मागे जायचा, हवेत सरळ व्हायचा, मग पुढे येऊन पाण्यावर अलगद उतरायचा. कालव्याच्या कामावर आलेल्या कुणा इंजिनियरने त्यांना ही छडी दिली होती. या माणसाने पाण्यात बसून साहेबाचा पंप बांधून दिला, त्याची ती बक्षिसी. गळाला कोंबडीच्या पिसाची खोटी माशी बांधून मरळ धरायचा हा प्रकार आख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हता. मी शाळेला उशीर करून बघत राहायचे. आठवड्याभराने त्यांनी छडी माझ्या हातात दिली.

शिकवताना ते फार कमी बोलत. "दोर मांगं पुरा जाऊ द्या. सरळ होऊ द्या. मंगच पुढं." एवढंच. मला ते जमायचं नाही. दोर मागे पोचायच्या आतच माझा हात पुढे यायचा आणि सगळा गुंता डोक्यावर. "काहून एवढी घाई?" ते विचारत. "पाणी कुठं पळून राह्यलं का?" मी चिडायचे. ते शांतपणे गुंता सोडवत बसायचे, आणि सोडवून झाला की छडी पुन्हा माझ्याच हातात.

पावसाळ्याचे दोन महिने तलाव बंद असतो. मासे अंडी घालतात, म्हणून मासेमारीस सक्त मनाई, असा फलक भिंतीवर आहे. पण मिस्त्रींना हात थांबवून चालायचं नाही. "बेअरिंग दोन महिने पडून राह्यलं तर जाम होते. मनगटाचं तसंच आहे." म्हणून या दिवसांत ते माशीचा गळ पक्कडीने तोडून टाकत. दोराच्या टोकाला नुसता लाल लोकरीचा गोंडा राही. तलावावर आले की आधी चौकीदाराकडे जायचं, दोराचं टोक त्याच्या तळहातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "पाह्य भाऊ, गळ नाही." चौकीदार त्यांना वीस वर्षं ओळखत होता. तरी रोज.

हे झालं कायद्याचं. त्यापुढे त्यांची अदब होती, आणि ती कायद्याहून कडक. नाला जिथे तलावाला मिळतो तिथे छडी न्यायची नाही, कारण अंड्यावर आलेल्या मासोळ्या तिथूनच वर चढतात. काठावर सावली पाडायची नाही. बाया पाणी भरायला आल्या की दोर गुंडाळायचा. आणि चुकून एखादी मरळ गोंड्यावर झेपावली, तर तो लगेच उचलायचा आणि त्या दिवसाचा सराव तिथेच बंद. मी म्हटलं, "गळच नाही चाचा, तिला काय होणार?" तर माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "पोटुशी बाई आहे ते. तिले कायले पळवता? कायद्यात बसते म्हणून करायचं का?"

अशा माणसाला अध्यक्षाने चोर म्हटलं.

अध्यक्ष म्हणजे तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सोसायटीकडे होता तिचा अध्यक्ष. गावात त्याचं फवारणीच्या औषधांचं दुकान, अंगावर कायम पांढरे कपडे, आणि तोंडात कायम "आपण कायद्यानं चालणारा माणूस". एका आषाढात बाजारात अंड्यांनी भरलेले रोहू विकायला आले. लोक बोलू लागले, वरून चौकशी आली. मासे कुणाच्या जाळ्यातले ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण या मेल्याने आठवडी बाजारात, मिस्त्रींच्या दुकानासमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं, "बंद तलावावर रोज कोण छडी घेऊन उभं राह्यते? हाच मासेचोर!" चोर तो चोर, वर शिरजोर! सिद्ध काहीच झालं नाही, म्हणून गुन्हा नोंदला गेला नाही. पण शब्द बाजारात पडला तो पडलाच. दुकानात मोटार घेऊन आलेली माणसं हसत विचारू लागली, "काय मिस्त्री, आज काय घावलं?"

त्या दिवशी मिस्त्री दुकान बंद करून घरी गेले, चाचींना म्हणाले, "ज्या जागी म्हणलं, त्याच जागी त्याले वापस घ्या लागन. मोठ्यानं." त्यांना बस एवढंच हवं होतं. पैसा नको, शिक्षा नको. चार वाक्यं, भर बाजारात, त्याच तोंडून.

मग त्यांनी बदला सुरू केला, आणि तोही अर्ज करून. संबंधित कार्यालयाला लिहून विचारलं, की गळाविना दोर फेकणं ही मासेमारी होते काय? आठ महिने पाठपुरावा केला. शेवटी उत्तर आलं: गळ, जाळे व आमिष नसल्यास सदर सराव मासेमारी ठरत नाही, मात्र सदर इसमाने पाण्यात उतरू नये. त्या कागदाला त्यांनी प्लास्टिक चढवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. अध्यक्ष रोज सकाळी सातला भिंतीवर फिरायला यायचा. पुढच्या पावसाळ्यात बरोबर सातला, बरोबर त्याच्या वाटेशेजारी, मिस्त्री उभे! एक दिवस चुकवला नाही. ताप अंगात असताना आले, ईदच्या दिवशी नमाजाआधी येऊन गेले. अध्यक्ष जवळ आला की दोर गुंडाळून सलाम करायचे, तो पुढे गेला की पुन्हा सुरू. "दोर त्याच्या अंगावरून गेला तर आपली चूक," ते म्हणत. "आपली चूक एकबी नको. मंग पाहजा कसा जळते." आणि जळायचा हो! आधी वाट बदलली, मग वेळ बदलली, मग चौकीदारावर ओरडला. मिस्त्रींनी अध्यक्षाला कागद दाखवला. मला सांगायला लाज नाही, त्या दिवशी शाळेत मी सारखी गुणगुणत होते.

असं उभं राहण्याच्या तिसऱ्या पावसाळ्यात एक दिवस नाल्याच्या बाजूने पाणी वेगळंच हललं. आम्ही लांबूनच बघायला गेलो. नाल्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळं ताणलेलं होतं. त्याला तरंगायला फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधलेल्या, अध्यक्षाच्या दुकानातल्याच. आणि जाळ्यात रोहू, मोठमोठे, पोटं फुगलेले, धडपडत होते. माझ्या अंगात वीज शिरली. सापडला! मी लगेच मासळी खात्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "पंचनामा करावा लागेल. जाळ्याला हात लावू नका, तसंच ठेवा. दोन तासांत पोचतो."

मिस्त्रींनी ते ऐकलं. जाळ्याकडे बघून म्हणाले, "दोन घंटे? हे अर्धा घंटा नाही टिकत बाई."

"चाचा, हात लावू नका," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. आज तो सापडला आहे."

"मले समजून राह्यलं."

"मग? माशांपायी तुम्ही त्याला सोडणार?"

त्यांनी छडी तिथेच, नाल्यापासून लांब, काठावर नीट ठेवली. खिशातला कागद काढून छडीशेजारी ठेवला, वर दगड ठेवला. मग नाल्याच्या तोंडाशी जाऊन कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि मोटारीची तार कापायच्या चाकूने जाळं फाडायला लागले. मी काठावरून ओरडत होते. खरंच ओरडत होते, वडिलांच्या वयाच्या माणसावर. ते एकेक मासोळी दोन्ही हातांनी सोडवायचे, क्षणभर पाण्यात धरायचे आणि जाऊ द्यायचे. माझं डोकं फिरलेलं. निदान पुरावा तरी राहू दे म्हणून मी मोबाईलवर चित्रण केलं, आणि तिथूनच गावच्या ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, "बघा अध्यक्षांचे प्रताप!"

त्या चित्रणात अध्यक्ष कुठेच नव्हता. होते फक्त मिस्त्री, बंद तलावात, कमरेइतक्या पाण्यात, एका हातात जाळं आणि दुसऱ्या हातात रोहू.

साहेब पोचले तेव्हा जाळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या, मासे निघून गेले होते, आणि अध्यक्ष त्यांच्या आधी येऊन मोबाईल पुढे करून उभा होता. माझंच चित्रण. मी घसा फोडून सांगितलं, बाटल्या दाखवल्या. साहेब म्हणाले, "अशा बाटल्या प्रत्येक शेतात पडलेल्या असतात, बाई." त्यांनी मिस्त्रींना एकच विचारलं, "पाण्यात उतरलात का?" मिस्त्री भिजलेल्या पायजम्यात उभे होते. म्हणाले, "हो जी, उतरलो." पंचनामा त्यांच्या नावाने झाला. छडी जप्त झाली. कागद रद्द झाला, तलावावर पाऊल ठेवायची बंदी झाली. ज्या नावासाठी त्यांनी तीन वर्षं स्वतःची एक चूक होऊ दिली नव्हती, ते नाव आता सरकारी कागदावरच चोर म्हणून चढलं. ते मी चढवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात जाऊन रडले. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "चाचा, मला शिव्या तरी द्या." ते म्हणाले, "तुमचा हात अजून घाईत उठते, बाई. बाकी काही नाही." मग बराच वेळ मोटारीवर तार गुंडाळत राहिले. मध्येच म्हणाले, "मासोळ्या किती होत्या, मोजल्या का?" मी नाही म्हटलं. "मीबी नाही मोजल्या," ते म्हणाले, आणि तार ओढली. आयुष्यभर कुणाला माफ न केलेल्या त्या माणसाने मला माफ केलं, आणि ते मला अजून पचत नाही. मला वाटतं, अकरा वर्षं चहावाल्यामार्फत बोलले असते तर बरं झालं असतं.

अध्यक्षाला मात्र त्यांनी माफ केलं नाही. पण तलाव गेल्यावर त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात छातीत कफ धरला, आठ दिवस दवाखान्यात होते, आणि बाजाराच्या दिवशी पहाटे गेले.

दुपारी जनाजा निघाला तो बाजारातूनच. बाया सोबत जात नाहीत, म्हणून मी त्यांच्या दुकानाच्या बंद शटरपुढे उभी होते. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती, आणि अध्यक्ष त्या महिन्यात एकही मयत चुकवत नव्हता. पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधून तो खांदा द्यायला पुढे सरसावला. मी पायरी उतरले आणि त्याच्या आडवी झाले. जनाज्याच्या नाही, त्याच्या.

"अध्यक्ष, चोराच्या मयतीले तुम्ही काहून आले?"

"बाई, अशा टायमाले असं बोलू नये."

"याच जागी तुम्ही बोलले होते. आता याच जागी वापस घ्या. नाही तर मी बोलतो, अन् निवडणूक होईपर्यंत दर बाजारी इथं उभी राहून बोलतो."

भाजीवाल्या बायांनी तागड्या खाली ठेवल्या. पुढे जनाजा हळू झाला. मिस्त्रींचा मुलगा खांद्यावरचा भार न सोडता मागे वळून बघत होता. अध्यक्षाने इकडेतिकडे पाहिलं. सगळा बाजार त्याच्याकडे बघत होता.

"मिस्त्री चोर नव्हते," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"मिस्त्री चोर नव्हते!"

"जाळं कोणाचं होतं?"

मग मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "माझं होतं."

एवढं झाल्यावर त्याला वाटलं, आता वाट मोकळी झाली. तो पुढे निघाला. मी हलले नाही. कुणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, "बाई, बोलला ना तो, आता होऊ द्या." मी म्हटलं, "बोलणं मिस्त्रींचं देणं होतं. खांद्याचा मान यानं कुठं कमावला?" जनाजा वळणावरून दिसेनासा झाला आणि अध्यक्ष बाजाराच्या मधोमध रुमाल बांधून उभाच राहिला. मयतीच्या दिवशी मी असं वागायला नको होतं, असं पुष्कळांनी मला नंतर ऐकवलं. ऐकवोत. मला कणभर वाईट वाटत नाही.

संध्याकाळी चाचींकडे गेले. घर बायांनी भरलेलं होतं. चाचींनी मला जवळ बसवून घेतलं आणि कानाशी येऊन विचारलं, "मोठ्यानं बोलला ना?"

"मोठ्यानं बोलला," मी म्हटलं.

"दुकानापुढं?"

"दुकानापुढं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "काय बोलला, सांग," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं सांगून झालं तेव्हा म्हणाल्या, "परत एक डाव सांग."